दहाचा आकडा कोठून आला?

माझ्या टेबलाच्या खणात नऊ प्रश्नांचा एक छापील मराठी कागद गेली काही वर्षे आहे. ‘पीएचक्यू-९’ या नावाने तो जगभर वापरला जातो. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक कशी होती, कशात मन लागले का, स्वतःविषयी काय वाटले, असे हे प्रश्न आहेत. असे किती दिवस झाले त्यानुसार प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात आणि बेरीज जास्तीत जास्त २७ होते. ती दहा किंवा त्याहून अधिक आली, तर नैराश्याच्या आजाराची शक्यता धरून रुग्णाशी सविस्तर बोलावे, असा संकेत आहे. सिंधुदुर्गातील एका बाजारगावात मी बावीस वर्षे दवाखाना चालवते. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत साठ-सत्तर माणसे येऊन जातात, आणि कोणाच्या डोकेदुखीमागे चष्म्याचा नंबर आहे, कोणाच्या मागे रक्तदाब आहे आणि कोणाच्या मागे न सांगितलेले दुःख आहे, हे प्रत्येकी तीन-चार मिनिटांत ओळखायचे असते. हा कागद हाती आला तेव्हा मला फार मोठा आधार वाटला होता.

त्या आधाराला पहिला तडा गेला तो चार या आकड्याने. चाळिशीतील एक बाई (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत) सहा महिन्यांत आठ-दहा वेळा येऊन गेल्या होत्या. कधी पाठीत चमक, कधी हातापायांना मुंग्या, कधी अंगावरून पांढरे जाणे, आणि प्रत्येक वेळी ‘अशक्तपणा फार आहे, ताकदीचे इंजेक्शन द्या’ हे मागणे. हिमोग्लोबिन ठीक होते, थायरॉइड ठीक होते, साखर ठीक होती. मी कंपाउंडरला तो कागद भरून घ्यायला सांगितले. बेरीज चार आली. चार म्हणजे काळजीचे कारण नाही, असे कागद सांगत होता आणि मी त्याचे ऐकले. दोन महिन्यांनी त्यांची बहीण त्यांना घेऊन आली, तेव्हा त्यांनी जेवण जवळजवळ सोडले होते आणि मरणाचे विचार त्या बहिणीजवळ बोलून दाखवत होत्या. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या माझ्या एका मैत्रिणीकडे मी त्यांना पाठवले. उपचार झाले आणि आज त्या बऱ्या आहेत. परंतु तो चारचा आकडा माझ्या मनातून गेला नाही. जुना केसपेपर काढून मी ती उत्तरे पुन्हा वाचली, कंपाउंडरला आठवेल तेवढे विचारले, आणि पुढे बऱ्याच महिन्यांनी खुद्द त्या बाईंनाही विचारले.

त्यांचे एकही उत्तर खोटे नव्हते. कामात रस किंवा आनंद वाटत नाही असे होते का, या पहिल्या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, ‘काम करूकच व्हया, त्यात रस कसलो?’ कंपाउंडरने त्याचा अर्थ ‘तसे काही नाही’ असा घेऊन शून्य लिहिले. ‘उदास वाटते का’ यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटले, कारण शेजारी नवरा उभा होता, आणि शिवाय ‘उदास’ हा शब्द त्यांच्या बोलण्यातलाच नव्हता. त्यांच्या तोंडी होते ते ‘गमना नाय’ आणि ‘जीव लागना नाय’. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ या पर्यायाचा उच्चार करणेच कंपाउंडरला अवघड वाटले, म्हणून त्याने ‘रोज होते का, कधीतरी होते?’ एवढेच विचारले. रोज नव्हते, म्हणून जेथे ‘कधीतरी’ असे उत्तर आले तेथे एकच गुण पडला. कागदावरचे मराठी शुद्ध होते, व्याकरणात चूक नव्हती, आणि तरीही त्या दिवशी त्या कागदाने काहीच मोजले नाही.

त्यानंतर मी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला, जो खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: हा दहाचा आकडा आला कोठून?

कर्ट क्रॉन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली या प्रश्नावलीची पडताळणी प्रसिद्ध केली. आठ सामान्य दवाखाने आणि सात स्त्रीरोग दवाखाने यांतील मिळून ६००० रुग्णांनी ती भरली होती. त्यांपैकी ५८० जणांशी मानसिक आरोग्याच्या जाणकारांनी दूरध्वनीवर स्वतंत्रपणे मुलाखत घेऊन कोणाला खरोखर आजार आहे हे ठरवले, आणि मग दोन्हींचा मेळ घातला. दहा ही सीमा धरली तर आजारी असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले जात होते, आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के योग्य रीतीने बाजूला राहत होते. ५८० जणांत तीव्र नैराश्याचा आजार असलेली माणसे होती ४१. त्याच निबंधात लेखकांनी मोकळेपणाने असेही नोंदवले आहे की पाच, दहा, पंधरा, वीस या सीमा ठेवण्यामागे डॉक्टरांना त्या सहज लक्षात राहाव्यात हेही एक कारण होते. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. सीमा लक्षात राहिली नाही तर ती वापरली जात नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. परंतु अमेरिकी दवाखान्यांतील त्या रुग्णांच्या इंग्रजी उत्तरांवरून ठरलेला तो आकडा माझ्या मराठी कागदाच्या तळाशी जसाच्या तसा छापला गेला होता. प्रश्नांचे भाषांतर झाले होते. आकड्याचे भाषांतर होत नसते; तो नव्या जागी पुन्हा शोधावा लागतो.

भाषांतराची पडताळणी आणि मोजमापाची पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिली झाली की दुसरीही झाली असे बहुतेक वेळा धरले जाते. पहिलीची पद्धत ठरलेली आहे. दोन जण स्वतंत्रपणे मूळ मजकुराचे मराठी करतात, त्यांचा मेळ घातला जातो, ज्याने मूळ पाहिलेले नाही असा तिसरा त्याचे पुन्हा इंग्रजी करतो, एक समिती फरक तपासते, आणि मग थोड्या लोकांसमोर तो मजकूर वाचून पाहिला जातो. यातील उलट भाषांतरावर फार विश्वास ठेवला जातो. तो मला धोक्याचा वाटतो, कारण शब्दाला शब्द ठेवून केलेले वाईट भाषांतर उलट फिरवले की हुबेहूब मूळ वाक्य परत मिळते. इंग्रजीत मन ‘डाउन’ असते. कोणी त्याचे मराठीत ‘खाली वाटणे’ असे केले, तर उलट भाषांतर करणारा मुकाट्याने त्याचे पुन्हा ‘डाउन’ करील आणि समितीला सर्व काही जुळलेले दिसेल. याउलट एखाद्याने ‘कशातच जीव लागत नाही’ असे जिवंत मराठी लिहिले, तर परतीच्या प्रवासात ते वाक्य मुळापासून दूर गेलेले दिसेल आणि समिती त्यावरच लाल खूण करील.

म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो तो शेवटचा, लोकांसमोर वाचून पाहण्याचा, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ त्यालाच दिला जातो. माणसाला प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तर न मागता विचारायचे की, ‘यात तुम्हाला काय विचारले आहे असे वाटते, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ माझी मैत्रीण आणि मी हा प्रयोग दवाखाना बंद झाल्यावर, ओळखीच्या आणि राजी असलेल्या काही रुग्णांबरोबर करून पाहिला. संशोधन म्हणावे असे ते नव्हते आणि त्यातून कोणताही आकडा काढण्याचा आमचा हेतूही नव्हता. आम्हाला फक्त ऐकायचे होते.

जे ऐकले ते मी अजून विसरलेले नाही. आयुष्यभर पंढरीची वारी केलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी ‘उदास किंवा निराश वाटते का’ हा प्रश्न वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘उदास होता आले असते तर आणखी काय हवे होते?’ संतांच्या मराठीत उदास म्हणजे आसक्ती सुटलेला, आणि निराश म्हणजे ज्याला कसली आशाच उरलेली नाही म्हणून जो मोकळा झाला आहे असा. कीर्तनातून त्यांच्या कानी आलेले ते शब्द साधनेने मिळवायच्या अवस्थेचे होते. माझ्या कागदाने आजाराचे लक्षण विचारले, आणि त्यांनी आपल्या अपुऱ्या साधनेची खंत सांगितली. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. कोणता अर्थ कोणाच्या मनात आधी उभा राहतो, हे शब्दकोश पाहून समजत नाही.

आठव्या प्रश्नात हालचाल किंवा बोलणे फार संथ झाले आहे का, किंवा त्याच्या उलट अस्वस्थपणामुळे एका जागी बसवत नाही का, असे दोन्ही एकत्र विचारले आहे. मराठीत ते लांबलचक वाक्य होते आणि ऐकणारा माणूस शेवटच्या अर्ध्या भागाचेच उत्तर देतो. सातव्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचताना किंवा दूरचित्रवाणी पाहताना लक्ष लागते का, असे आहे. ज्या आजींनी कधी वर्तमानपत्र वाचले नाही त्या ‘नाही’ म्हणतात, आणि ते ‘नाही’ नेमके कशाचे हे भरणाऱ्याच्या मर्जीवर राहते. दुधावर लक्ष राहते का, जपाची माळ चुकते का, असे विचारले की त्या लगेच बोलू लागतात. पण प्रश्न असा बदलला की तो जुना प्रश्न राहत नाही, आणि त्याचे गुण जुन्या गुणांत मिळवण्याचा अधिकारही आपल्याला राहत नाही. बदल करू नये असे मी म्हणत नाही. बदलानंतर सर्व मोजमाप नव्याने करावे लागते, आणि हे ओझे टाळण्यासाठीच पुष्कळ वेळा न कळणारा प्रश्न तसाच ठेवला जातो, हे मात्र मला खटकते.

दिवसांच्या मोजणीचाही तोच प्रकार. चौदा दिवसांपैकी किती दिवस, हे तोंडी सांगणे अनेकांना जमत नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी चौदा काजूबिया टेबलावर ठेवू लागले. ‘यांतील किती दिवस असे गेले, तेवढ्या बाजूला काढा,’ असे म्हटले की बोटे सहज चालतात. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा झोपेच्या प्रश्नावर त्यांनी अकरा बिया बाजूला काढल्या होत्या. पहिल्या कागदावर त्याच प्रश्नाला एक गुण होता.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कोकणात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘मरण येत नाही मेले’ हे वाक्य दिवसातून चार वेळा येते आणि त्यामागे बहुतेक वेळा गुडघेदुखीखेरीज काही नसते. म्हणून हा प्रश्न गाळावा किंवा सौम्य करावा, असे मला काही सहकाऱ्यांनी सुचवले. मी तसे केले नाही आणि कोणी करू नये. विचारल्याने विचार येतो, ही भीती खरी नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच बरे वाटते, हा माझा अनुभव आहे. मात्र तो प्रश्न कंपाउंडरने विचारण्याचा नाही, नातेवाइकांसमोर विचारण्याचा नाही, आणि ‘हो’ उत्तर आले तर त्याच भेटीत पुढे काय करायचे हे आधीच ठरलेले असल्याशिवाय विचारण्याचाही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक माझ्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे, आणि गावातून तज्ज्ञापर्यंत पोहोचायला दीड-दोन तास लागतात तेव्हा त्याचा खरोखर उपयोग होतो.

आता दुसरी पडताळणी, म्हणजे मोजमापाची. तिचे तत्त्व सोपे आहे, पाळणे अवघड आहे. दवाखान्यात ओळीने येणाऱ्या माणसांना प्रश्नावली द्यायची. आणि त्याच माणसांची, शक्यतो त्याच दिवसांत, प्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर निदानात्मक मुलाखत घ्यायची. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत असता कामा नयेत, नाहीतर तो नकळत त्या गुणांना जुळणारे निदान करतो. फक्त जास्त गुण मिळालेल्यांचीच मुलाखत घेतली तर माझ्या त्या बाईंसारखी माणसे हिशेबातून कायमची निसटतात आणि प्रश्नावली आहे त्याहून चांगली दिसते. आणखी एक चूक फार सर्रास होते. एका बाजूला मनोरुग्णालयातील दाखल रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला महाविद्यालयातील निरोगी विद्यार्थी घेतले, तर कोणतीही प्रश्नावली त्यांच्यात फरक करून दाखवील. त्यासाठी प्रश्नावलीचीही गरज नसते. माझ्यासमोर येतात ती मधली माणसे: थोडी मधुमेही, थोडी थकलेली, कर्जात असलेली, मुलाच्या नोकरीची काळजी करणारी. त्यांच्यात आजारी कोण, हे सांगता येते का, एवढाच माझ्यासारख्या डॉक्टरचा प्रश्न आहे.

असे काम आमच्या शेजारीच, गोव्यात, फार निष्ठेने झालेले आहे आणि त्याविषयी मराठीत अधिक लिहिले जायला हवे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील पाच आरोग्यकेंद्रांत आलेल्या ५९८ रुग्णांवर पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या तपासल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीएचक्यू, बारा प्रश्नांची जीएचक्यू-१२, केसलर या संशोधकाच्या दहा आणि सहा प्रश्नांच्या दोन याद्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची एसआरक्यू, अशा त्या पाच होत्या. निकष म्हणून सविस्तर मुलाखत वापरली होती. पाचही बऱ्यापैकी चालल्या. त्यांत जीएचक्यू आणि एसआरक्यू यांचा निकाल सर्वांत चांगला आला. मला यात विशेष वाटते ते हे की पाच साधने एकाच मातीत तपासून मगच निवड झाली. त्याच गोव्यात पुढे ‘मानस’ नावाची उपचाराची मोठी चाचणी झाली. १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने त्यात होते, रुग्ण ओळखण्यासाठी जीएचक्यू-१२ वापरली गेली, आणि समुपदेशनाचे काम प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी केले. २०१० साली आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, आणि मी स्वतः खाजगी दवाखाना चालवत असल्यामुळे ते वाक्य पुष्कळ वेळा वाचले आहे. ओळखण्याचे साधन भरवशाचे असल्यामुळेच उपचाराचा हा हिशेब मांडता आला.

परंतु जीएचक्यूलाही तिची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती भाषेतच आहे. तिच्यातील उत्तरे ‘नेहमीपेक्षा’ या मापाने दिली जातात: नेहमीपेक्षा कमी झोप, नेहमीपेक्षा जास्त काळजी. जी बाई पंधरा वर्षे दारुड्या नवऱ्याच्या धास्तीत झोपली आहे तिची ‘नेहमीची’ झोपच मोडलेली असते. ती प्रामाणिकपणे ‘नेहमीसारखीच’ म्हणते आणि तिला शून्य गुण मिळतात. ही उणीव संशोधकांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती आणि त्यासाठी गुण देण्याची निराळी पद्धतही सुचवली गेली. दवाखान्यात मात्र ती कोणी वापरताना मी पाहिलेले नाही.

सीमेचा आकडा जागेप्रमाणे बदलतो, ही माझ्या एकटीची शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात १४ देशांतील १५ ठिकाणी, ज्यांत बंगळूर हेही एक होते, सामान्य दवाखान्यांत येणाऱ्या सुमारे २६,००० माणसांना जीएचक्यू-१२ दिली होती, आणि साधारण चौघांपैकी एकाला निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला होता. त्या माहितीवरून, ही प्रश्नावली मुळात ज्यांनी घडवली ते डेव्हिड गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली एक निबंध लिहिला, ज्याचा विषयच होता की तिची सीमा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी का बदलते. ज्या ठिकाणी सर्वच रुग्णांच्या गुणांची सरासरी जास्त, तेथे योग्य सीमाही वर सरकते, असे त्यांना दिसले. प्रश्नावलीच्या जनकानेच असे सांगितल्यावर माझ्या कागदाच्या तळाशी एकच आकडा निःशंकपणे छापलेला पाहून मला वाईट वाटते.

दहाच्या बाजूनेही बोलायला हवे. २०१९ साली जगभरातील ५८ अभ्यासांतील १७,३५७ माणसांची मूळ माहिती एकत्र करून पीएचक्यू-९ पुन्हा तपासली गेली. जाणकाराने मोकळेपणाने घेतलेली मुलाखत हा निकष धरला तेव्हा दहा या सीमेला ८८ टक्के आजारी पकडले गेले आणि ८५ टक्के निरोगी बाजूला राहिले, म्हणजे २००१ च्या निष्कर्षाच्या अगदी जवळ. परंतु ठरीव प्रश्न जसेच्या तसे वाचून घेतलेली मुलाखत निकष म्हणून धरली, तेव्हा पकडल्या गेलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर उतरले. ज्याला आपण कसोटीचा दगड म्हणतो तोही कोणता घेतला यावर उत्तर ठरते. आणि हेतू बदलला तरी सीमा बदलते: गोव्यात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या समुपदेशनाच्या एका चाचणीत १० आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्ण घेतले होते, आणि त्यात प्रवेशासाठी पीएचक्यू-९ चे गुण १४ हून अधिक असावे लागत होते, कारण तीव्र आजार असलेल्यांनाच तेथे उपचार द्यायचा होता.

येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण यात आम्ही डॉक्टरच चुकतो. समजा, एखादी मराठी प्रश्नावली आजारी असलेल्या शंभरांपैकी ८० पकडते आणि निरोगी शंभरांपैकी ८५ जणांना सोडते. माझ्या दवाखान्यात आलेल्या १००० जणांपैकी २०० जणांना आजार आहे असे धरू. १६० पकडले जातील, ४० निसटतील, आणि ८०० निरोगी माणसांपैकी १२० जणांवर उगाच बोट ठेवले जाईल. म्हणजे ज्यांचे गुण जास्त आले अशा २८० जणांपैकी खरोखर आजारी १६०, निम्म्याहून थोडे अधिक. आता तीच प्रश्नावली घरोघरी नेली, जेथे १००० माणसांत आजारी ५० आहेत. ४० पकडले जातील आणि निरोगी ९५० पैकी सुमारे १४२ जणांवर चुकीचे बोट पडेल. जास्त गुण मिळालेल्या पाच जणांपैकी चौघांना आजार नसेल. कागद तोच, मराठी तेच, आणि त्याच्या सांगण्याचा अर्थ मात्र पार बदलला. आज आशाताई घरोघरी जो तपासणीचा अर्ज भरतात त्यात पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न आहेत. ते असायला हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या अर्जावरून माझ्याकडे पाठवलेल्या माणसाच्या केसपेपरवर मी ‘नैराश्य’ असा शब्द लिहायची घाई करत नाही, आणि नव्या डॉक्टरांनीही करू नये असे मला मनापासून वाटते. चाळणीचे काम चाळण्याचे आहे. निदान माणसाशी बोलूनच होते.

भाषांतर न करताच साधन घडवण्याचाही एक मार्ग आहे. झिम्बाब्वेमध्ये हरारे येथे पटेल यांनी नव्वदच्या दशकात शोना भाषेत चौदा प्रश्नांची यादी तयार केली, तीही स्थानिक रुग्णांच्या आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांतून. तिच्यातला एक शब्द ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे. आमच्याकडे ‘डॉक्टर, विचार फार येतात हो’ म्हणणारी माणसे रोज येतात. नैराश्य हा शब्द बावीस वर्षांत रुग्णाने आपणहून उच्चारल्याचे मला दोन-तीनदाच आठवते. त्याचप्रमाणे अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार. गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीतून २००५ साली असे पुढे आले की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक दृढ आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या दवाखान्यांतून अशी वाक्ये गोळा करून, त्यांना प्रश्नांचे रूप देऊन, मग मुलाखतींच्या कसोटीवर घासून पाहिले, तर मराठीला स्वतःचे साधन मिळेल. त्याची किंमतही आहे: त्याचे गुण जगातील इतर अभ्यासांशी ताडून पाहता येणार नाहीत, आणि वऱ्हाडी यादी मालवणात चालेल याची खात्री नसेल. मला तरीही दोन्ही कामे समांतर व्हावीत असे वाटते, आणि जी कोणती संस्था ते हाती घेईल तिने शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागावर न थांबता आमच्यासारख्या बाजारगावांतील दवाखान्यांतही, बाजाराच्या दिवशी, गर्दीत येऊन बसावे. आम्ही खुर्ची देऊ.

तोपर्यंत मी तो कागद टाकून दिलेला नाही. आता तो कंपाउंडर भरत नाही. ज्या रुग्णाविषयी मनात प्रश्न येतो त्याला मी शेवटी बसवते, सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगते आणि काजूबिया ठेवून स्वतः विचारते. गुण कमी आले म्हणून निश्चिंत होत नाही आणि जास्त आले म्हणून लगेच गोळी लिहीत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावते. त्याच माणसाचे आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी ठेवले की पुष्कळ समजते, आणि त्यासाठी अमेरिकेतील सीमा लागत नाही.

त्या बाईंना मी विचारले होते की पहिल्या वेळी काय विचारले असते तर तुम्ही खरे सांगितले असते. त्यांनी फारसा विचार न करता उत्तर दिले: स्वतःच्या हातचे अन्न गोड लागते का, असे विचारले असते तर मी तेथेच रडले असते. भूक आणि आनंद, नऊपैकी दोन प्रश्न, त्यांनी एका वाक्यात आणले होते. तो प्रश्न मी कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. त्याच्या खाली अशीच दुसऱ्यांनी दिलेली अकरा वाक्ये आहेत. त्यांतील कशालाही अजून गुण नाहीत.